गढूळ पाझर

अल्लाबक्षचं प्रेत सोपाननंच धरणातून बाहेर काढलं.

उम्मेहानी लोणावळ्याहून आंदर मावळातल्या त्या गावी पोचली तेव्हा दुपार झाली होती. अल्लाबक्ष आणि सोपान धरणाचे दोन राखणदार. उम्मेहानी अल्लाबक्षची एकुलती मुलगी, लोणावळ्याच्या शाळेत शिक्षिका. तिला वडिलांचं तोंड पाहायला मिळालं. मग माणसं जनाजा घेऊन गेली.

परत आल्यावर सोपान अल्लाबक्षच्या ओट्याखाली बसला. त्याच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"काका, काय झालं नेमकं?"

"सांज झाली हुती, पोरी. नमाजाची येळ. वजूला, हातपाय धुवाया, मोरीच्या मनोऱ्याच्या पायरीवर वाकला आन् शेवाळावरनं पाय सटकला. मी बांधाच्या पल्याड. येईस्तवर समदं संपलं."

"अब्बा तर वजू धरणाखालच्या पाझरावर करायचे."

"तितलं पानी गढूळ झालंय. म्हनून वर गेला आसंल."

उम्मेहानी उठली आणि एकटीच पाझराकडे गेली.

जुनं मातीचं धरण. पायथ्याशी दगडांतून बारीक धार वाहायची, पावसाळ्यातसुद्धा काचेसारखी. आज ती तांबडी होती. तिनं ओंजळ भरली. बोटांच्या फटींतून पाणी गेलं, तळव्यावर माती राहिली.

"बांध घाम गाळतो त्याचं भ्या न्हाई," अब्बा म्हणायचे. "माती गाळाया लागला की समज, आतून पोखरतोय."

समोर ओढ्याकाठी वाडी होती. चुली पेटल्या होत्या, छपरांमधून धूर निघत होता.

ती थेट पाटलाच्या दारात गेली.

"धरणाची मोरी उघडा, पाटील. पाणी उतरवायला हवं."

महिपती पाटलानं तिच्याकडे पाहिलं. "मास्तरीण झालीस म्हनून धरनाची बी परीक्षा घेतीस व्हय?"

"पाझर बघून या आणि मग हसा."

पाटलाचं हसू गेलं. "ओव्हरसियरला निरोप धाडलाय. पर मोरी उघडायची कशानं? लोखंडी दांडाच न्हाई जागेवर. तुझ्या बापाबरूबर बुडाला आसंल."

"वजूला जाताना अब्बा मोरीचा दांडा कशाला नेतील?"

पाटील उठून तिच्याबरोबर निघाला.

मय्यतीला आंघोळ तिचे चुलते इनायत यांनी घातली होती. उम्मेहानीनं त्यांना बोलावून घेतलं.

"चाचा, अब्बांच्या बाह्या वर केलेल्या होत्या?"

"नव्हत्या. बटणं लावल्याली हुती. मीच काढली."

"पायात काही?"

इनायतनं डोळे पुसले. "वहाणा. मागच्या बंदासकट. चामडं भिजून लय आवळलं हुतं. सुरीनं कापावं लागलं."

"आणि जखम?"

"डोक्याला. मागल्या अंगाला."

उम्मेहानीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "चला, सोपानकाकांकडे."

सोपानचं घर गेल्या पावसात पडलं होतं. यंदा त्यानं नवं उभारलं होतं, घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर. पाटील आणि इनायत अंगणात उभे राहिले. उम्मेहानी जोत्यावर बसली. दगडाच्या खोबणीत तिच्या बोटाला काहीतरी खुपलं. तिनं नखानं उकरलं. वाळलेले, तांदळाएवढे शिंपले. एका दगडात, मग शेजारच्याही दगडात.

"काका, दगड कुठला?"

"खानीतला," सोपान दारातून म्हणाला.

"खाणीतल्या दगडाला शिंपले चिकटत नाहीत. हे दगड वर्षानुवर्षं पाण्यात होते." ती हळू बोलत होती. "उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा तुम्ही बांधाच्या आतल्या अंगाचे दगड काढलेत. पावसाळ्यात पाणी चढलं आणि ती जागा झाकली गेली. पण तिथं उघडी माती राहिली. लाटांनी ती खाल्ली. पाझर तांबडा झाला."

"पोरी..."

"अब्बांनी ते पाहिलं आणि मोरी उघडायला निघाले. तो दांडा फिरवायला दोन्ही टोकांना माणूस लागतो. ते दुसऱ्या कुणाला हाक मारणार? तुम्हालाच. पण पाणी उतरलं की दगड काढलेली जागा उघडी पडणार होती." ती क्षणभर थांबली. "वजू करणारा माणूस आधी वहाणा काढतो, बाह्या सारतो. अब्बांनी दोन्ही केलं नव्हतं. पुढं वाकलेल्या माणसाला मागून खोक पडत नाही. तुम्ही त्यांना रोज वजू करताना पाहत होतात, काका. तरी खोटं सांगताना एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही."

सोपान उंबऱ्यावर खाली बसला.

"ढकललं न्हाई मी त्याला. म्हनलं, आठ दिस दम धर, कायतरी करतो. त्यो म्हनला, वाडीला आठ दिस कोन देनार? मी दांडा वढला. त्यानं सोडला न्हाई. मी हिसडा दिला, आन् त्यो मागं गेला. मनोऱ्याच्या कठड्यावर डोकं आपटलं, मग पान्यात."

"हात का दिला नाहीत?"

सोपाननं आपल्या हातांकडे पाहिलं. "दांडा हुता हातात."

इनायत त्याच्या अंगावर धावले. पाटलानं त्यांना धरलं.

"हे जोतं," सोपान म्हणाला, "रचाया त्यानं सोता हात दिला हुता मला. खानीचा दगड म्हनून सांगितलं हुतं मी त्याला."

"दांडा कुठं आहे?"

त्यानं गवताच्या गंजीतून तो ओढून काढला.

"पाटील, तुम्ही आणि चाचा वाडी रिकामी करा. तुमचं ऐकतील लोक. मी मोरी उघडते."

"ह्याच्यासंगं?"

"मोरीची रीत आणखी कुणाला येते इथं?"

पाटील आणि इनायत वाडीकडे धावले.

मनोऱ्यावर वारा होता. पाणी काठोकाठ, दगडांवर थपथपत होतं. सोपाननं दांडा बसवला. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही. उम्मेहानीनं पदर खोचला आणि समोरचं टोक धरलं.

"लावा जोर, काका."

लोखंड कुरकुरलं, मग हललं. पायाखाली खोल कुठंतरी पाणी सुटल्याचा घोष सुरू झाला. सोपानला हुंदका फुटला. त्याचे हात सैल पडले.

"थांबू नका," ती म्हणाली. "अजून पुष्कळ पाणी उतरायचंय."