सात दिवस हात लावू नका

दिशा झोपली की मी श्वाससुद्धा हळू घेते. चार वर्षांची पोर, पण झोप मांजरीची. भांड्याला भांडं लागलं तरी डोळे टक्क उघडते. म्हणून त्या रविवारी भर दुपारी खालच्या कारखान्यातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, तेव्हा मी चपला न घालताच जिना उतरले. भांडायचं ठरवूनच.

खालचा कारखाना म्हणजे गणपतींचा. पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं तरी पुरतं. गणपती नुकतेच गेले होते, फळ्या रिकाम्या होत्या, कोपऱ्यात चार-पाच उरलेल्या मूर्ती प्लास्टिकखाली बसल्या होत्या आणि मधोमध... एक लाल, दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स कार. तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात निळी स्लीपर, दुसरा अनवाणी.

भांडण घशातच राहिलं. गाडी नुसत्या जॅकवर उभी होती.

“बाहेर या,” मी म्हणाले.

“आवाज झाला ना? सॉरी मॅडम. एक नट अडकलाय, तेवढा—”

“आवाजाचं नंतर बोलू. आधी बाहेर या. जॅक सरकला तर काय होईल?”

“काय होईल?” पायांनी विचारलं.

“तुम्हाला मला सुपलीने गोळा करायला लागेल.”

पाय जरा विचारात पडले. मग सरकत सरकत अख्खा माणूस बाहेर आला. तिशीचा, गालावर ग्रीस, भुवईवर गंज. उठून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला — उद्धटपणे नाही, एखादी मूर्ती डावीकडे कलली आहे का ते बघावं तसा.

“तुमच्या भुवया कायम अशा वर असतात?”

“गाडीखाली माणूस दिसला की असतात.”

“मग आज मीच कारण. बरं वाटलं.”

त्याने मूर्ती ठेवायचे जाडजूड ठोकळे आणून गाडीखाली लावले. चारही बाजूंनी लावेपर्यंत मी हलले नाही. दिशा मात्र या सगळ्यात ढिम्म झोपून राहिली.

तो आदेश. माझ्या घरमालकीण विमलबाईंचा मुलगा. गणपतीचे दहा दिवस तो मुंबईला एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीपाशी होता आणि नेमक्या त्याच दिवसांत मी वरच्या खोलीत राहायला आले होते, म्हणून गाठ पडली नव्हती. माझं म्हणाल तर — रसायनशास्त्रातली पदवी, रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेतली नवी नोकरी, एक मुलगी, आणि एक संपलेलं लग्न, जे पुण्यात राहतं. रोह्याला कंपनीजवळची खोली एक नोव्हेंबरला रिकामी होणार होती. तोवर सहा-सात आठवडे पेण. सकाळच्या गाडीने रोहा, संध्याकाळी परत, आणि दिवसभर दिशा विमलबाईंच्या मागे मागे.

“काय करतोय तो गाडीचं?” मी विमलबाईंना विचारलं.

“भाता लावतोय गो,” त्या म्हणाल्या. “लोहार लावतो ना आगीला, तसा. इंजनाला हवा कमी पडते म्हणे. मी म्हटलं, बाबा, तुझ्या बापाला दम्याचा पंप आणायचा तर चार दिवस लावतोस.”

त्या भात्याचं नाव टर्बो. आदेशने मला समजावलं ते असं — इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक पंखा फिरतो, आणि तो पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनाच्या पोटात घालतो. जास्त हवा, जास्त जोर. म्हणजे जे वाया जात होतं त्यानेच पुढे ढकलायचं.

“हे मला आवडलं,” मी म्हणाले. लगेच वाटलं, उगाच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून खाली गेले. दिशाचे खडू तिथे राहिले होते, हे कारण. ते खडू मीच शनिवारी विसरले होते. आदेश टर्बोच्या खोक्यासोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. एकोणिसावं पान उघडून.

“पहिली अठरा पानं?”

“त्यात नुसते इशारे हायत.”

“मग तीच तर वाचायची असतात. द्या इकडे.”

अशी मी वाचायला बसले. उलट्या बादलीवर मी, गाडीखाली तो, आणि आमच्यामध्ये दिशा — खडूने फरशीवर गणपती काढत, ज्याला तिने चार चाकं दिली होती. मी इशारे वाचायचे. तो खालून “व्हय” म्हणायचा. गरम भागाला हात लावू नये — व्हय. सैल कपडे घालू नयेत — व्हय. लहान मुलांना दूर ठेवावे —

“आणि त्यांच्या आयांना?” खालून आवाज आला.

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“नीट बघा.”

मी नीट बघितलं. पुस्तकात नाही, गाडीखालून बाहेर आलेल्या त्या हाताकडे. आदेश कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. मूर्तीचे डोळे काढणारा हात — केसाएवढी रेघ, आणि तीही एका श्वासात. त्या हाताला पाना पकडलेला बघून मला उगीच त्या पान्याचा हेवा वाटला. तीस वर्षांच्या बाईने पान्याचा हेवा करू नये, हे मी स्वतःला बजावलं.

सवयीने मी एक गोष्ट सुचवली. प्रयोगशाळेत आम्ही घट्ट लावलेल्या बाटलीच्या झाकणावरून बाटलीवर एक रेघ मारतो. कोणी झाकण उघडलं तर रेघ जुळत नाही, लगेच कळतं. आवळलेल्या बोल्टवरही तशी रेघ मारा, म्हणजे कुठला झाला, कुठला राहिला, शंका नको.

“तुम्हाला शंका किती येतात हो?”

“दिवसातून तीनदा गॅसचा कॉक बघते.”

तो हसला, पण उठून मूर्तीच्या मुकुटाचा सोनेरी रंग आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आला. त्या गाडीच्या पोटातला एकेक बोल्ट असा सजला, जणू त्याची मिरवणूक निघणार आहे.

तिसऱ्या रविवारी गडबड झाली. म्हणजे काम फारच भराभर झालं. टर्बो जागेवर बसला. आदेश हात पुसत म्हणाला, “आता उद्या-परवा संध्याकाळी बसलो की संपलं. तुमचा रविवार मोकळा.”

मोकळा. मी पुस्तकाकडे बघितलं. तेलाच्या नळीच्या जोडाला जो चिकट मसाला लावतात, त्याबद्दल तिथे स्वच्छ लिहिलं होतं — चोवीस तास सुकू द्यावा.

“सात दिवस,” मी वाचलं.

“काय?”

“मसाला सुकायला. सात दिवस हात लावू नका, असं लिहिलंय.” माझा आवाज अगदी आकाशवाणीसारखा स्थिर होता. आयुष्यात मी कुठल्याच प्रयोगाचा आकडा बदललेला नाही. कान मात्र इतके तापले की गरम भागाचा इशारा मलाच लागू व्हावा.

“सात दिवस,” तो सावकाश म्हणाला. हातातली मसाल्याची ट्यूब त्याने एकदा फिरवून बघितली आणि खिशात टाकली. “लिहिलंय तर पाळलं पायजे.”

चौथा रविवार गेला. पाचवा दिवाळीच्या तोंडावर आला. त्या दिवशी विमलबाईंच्या चकल्या खाण्यातच तास गेला आणि तीन बोल्ट आवळून झाले. तीन. परतीचा पाऊस पत्र्यावर टपटपत होता, दिशा मागच्या सीटवर बसून गाडी चालवत होती, आणि मला कळत होतं की मी घाबरलेय. गाडी संपेल म्हणून नाही... एक तारीख येईल म्हणून. हा माणूस मला आवडला होता. आणि आवडण्यावर माझा भरवसा नव्हता. एकदा भरवसा ठेवून बघितला होता. रोह्याला गेले की सुटले, असं एक मन म्हणे. दुसरं मन काही म्हणत नव्हतं, नुसतं बादलीवर बसून होतं.

सहावा रविवार. शनिवारी मी जाणार. आदेश हातात पाना घेऊन समोरच्या बोल्टपाशी वाकला, आणि मी टॉर्च धरलेली असल्यामुळे मला ते दिसलं.

सोनेरी रेघ जुळत नव्हती.

बोल्टच्या डोक्यावरची अर्धी रेघ एकीकडे, खालची अर्धी दुसरीकडे. मी टॉर्च शेजारच्या बोल्टवर नेली. तिथेही तसंच. त्याच्या शेजारीही. दुसऱ्या कोणाची रेघ जाड, वेडीवाकडी असती तर कळलंच नसतं. पण हा आखणीवाला. केसभर सरकलं तरी डोळा तिरळा दिसावा, तसे ते सगळे बोल्ट माझ्याकडे तिरळे बघत होते.

“हे तुम्ही मागच्या महिन्यात आवळले होते,” मी म्हणाले.

“व्हय?”

“आदेश, हे कोणीतरी परत उघडलेत.”

“उंदीर असंल.”

“बारा नंबरचा पाना घेऊन?”

त्याने पाना खाली ठेवला, कापडाने एकेक बोट पुसत बसला. मागे दिशाने तोंडाने हॉर्न वाजवला.

“सोमवारी उघडतो,” शेवटी तो म्हणाला. “सगळे नाय... चार-पाच. रविवारी परत आवळायला.”

“किती आठवडे?”

“तिसऱ्या रविवारपासून.” मग मान वर करून, “तुम्ही सात दिवस वाचलंत ना, त्या दिवसापासून. ट्यूबवर चोवीस तास लिहिलंय, मॅडम. मोठ्या अक्षरात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय.”

टॉर्च माझ्या हातात होती आणि मी ती कुठे धरावी ते मला कळेना. मी ती बंद केली.

“मग इंग्रजी पुस्तक...”

“मला वाचता येतं. पण तुम्ही वाचता तेव्हा इशारे पण बरे वाटतात.”

आता हसावं की जिना चढून जावं? मी दोन्ही केलं नाही. बादलीवर बसले आणि म्हणाले, “मग माझे पण ऐका. मी रोज रात्री दाराची कडी दोनदा बघते. दिशाला ताप आला की मी माणसात नसते. माझं एक लग्न मोडलंय आणि त्यात थोडी चूक माझीही आहे. आणि मला वेगाची भीती वाटते. तुमच्याकडे ही असली गाडी.”

“संपले?”

“पहिली अठरा पानं झाली.”

“मी सगळी ऐकली,” तो म्हणाला. नेहमीसारखी चेष्टा नव्हती त्यात. “लग्नाचं उत्तर आज नको. सात दिवस घ्या.”

नेमक्या तेव्हा विमलबाई चहा घेऊन आल्या. आमच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. “नाय झालं अजून? अरे, एवढ्या वेळात माणूस दुसरं घर बांधतो.”

आठवड्याभरात गाडी झाली. कंप्युटरचं काय ते सेटिंग वडखळच्या गॅरेजवाल्या अफानने करून दिलं. शनिवारी सकाळी माझ्या दोन बॅगा, एक कुकर आणि दिशा असं सगळं त्या लाल गाडीत भरलं. मागे दिशाची छोटी सीट आधीच पक्की बसवलेली होती. मी ती तीनदा हलवून बघितली. तो दार धरून उभा राहिला, चौथ्यांदा हलवायलाही थांबला असता.

नागोठणं सोडेपर्यंत आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. एका टेम्पोने आम्हाला मागे टाकलं. मग एका म्हाताऱ्याच्या स्कूटरने.

“चाळीसला टर्बो जागा होत नाय,” आदेश सहज म्हणाला, रस्त्याकडे बघत.

निडी मागे पडली. दोन्ही बाजूंना कापलेला भात पसरलेला, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास, आणि समोर सरळ, रिकामा रस्ता. मी मागे बघितलं. दिशा झोपली होती.

“थोडा...” मी म्हणाले. “थोडाच.”

गाडीने आधी श्वास घेतला. मग एक बारीक शिट्टी वर चढत गेली आणि पाठ सीटला टेकली — पाच सेकंद, फार तर सहा. मी दाराचा दांडा धरला होता असं मला वाटत होतं. तो दांडा नव्हता, त्याचं मनगट होतं. त्याने वेग कमी केला तरी मी सोडलं नाही.

“परत,” मागून दिशा म्हणाली. डोळे टक्क उघडे.

रोह्याचे घरमालक हैबतराव ओटीवर फॉर्म घेऊनच बसले होते. भाडेकरूचा फॉर्म, पोलीस चौकीत द्यायचा. नाव, गाव, कंपनी — मी सांगत गेले, ते चष्मा नाकावर ओढत लिहीत गेले. कुकर घेऊन आदेश पायरीशी उभा.

“अडीअडचणीला फोन कोणाला करायचा?”

मी आदेशकडे बघितलं नाही. “आदेश गुणाजी पाटील. राहणार पेण.” नंबरही सांगितला. पाठ होता. कधी पाठ केला ते आठवेना.

“नातं?” हैबतरावांनी पायरीकडे मान वळवली. “भाऊ लिहू?”

“नाही,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

हैबतरावांनी पेन थांबवलं. “मग काय लिहू, बाई? रकाना मोकळा सोडला तर चौकीवाले परत पाठवतात.”

“ठरतंय, असं लिहा,” आदेश म्हणाला. “त्यांना घाई करू नका.”

“ठरतंय असं नातं नसतं. एकतर असतं, नायतर नसतं.”

दिशा पायरीवर बसून पायातला बूट काढत होती. मी हात पुढे केला, हैबतरावांच्या हातातून पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं — होणारे पती. दोन शब्द. खाडाखोड एकही नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

हैबतरावांनी कागद लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. मग तसाच तो पायरीकडे फिरवला. आदेशने वाचलं आणि कुकर हळूच खाली ठेवला, अगदी हळू... जणू आत कोणीतरी झोपलंय.

“म्हणजे दर रविवारी हे येणार,” हैबतराव म्हणाले.

“व्हय,” आदेश म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.

“मग गाडी रस्त्यावर लावा. आतली जागा म्हशीची हाय.”