गोजराच्या हातचं पाणी

एकोणीसशे सदतीस साली, वैशाखात, रिठदच्या जानरावांच्या थोरल्या लेकीचं, तुळसाचं, लग्न झालं. कामरगावच्या वऱ्हाडात नवरदेवाचा चुलतभाऊ इंद्रभान होता. गावच्या पायविहिरीत, खालच्या पायरीवर, धाकटी गोजरा पाणी भरत होती. त्यानं ओंजळ पुढे केली, तिनं तांब्याची धार धरली... ओंजळ भरून वाहू लागली, तरी दोघांना भान नव्हतं.

त्या ओंजळीच्या आठवणीवर गोजरानं वर्ष काढलं.

पुढच्या वैशाखात तुळसाला माहेरी पोचवायला तोच आला. दोन दिवसांनी त्याच्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि पांढऱ्या दोऱ्यासारख्या नारूच्या जंतानं तोंड काढलं. जानरावांनी त्याला पडवीत खाट टाकून दिली. गोजरा रोज जखमेवर पाणी शिंपडून नारू काडीवर गुंडाळायची. बोटभरच. ओढला तर तुटतो, आणि आत तुटला तर विष अंगभर चढतं.

"नारू कुठून येते, ठाव हाये?" इंद्रभान म्हणाला. "मास्तरानं भिंगातून दाखवलं होतं. पाण्यात धुळीएवढे किडे राह्यतात, त्यायच्या पोटात नारूची अळी. पाण्यासंगं आत गेली का वरीसभर वाढते, मंग पायातून निघते."

गोजरानं मनात महिने मोजले. काडीवरचा हात थांबला.

"म्हंजे... म्याच पाजली?"

"मंग कोणी? आमची विहीर तं बांधीव हाये, तिच्यात कोणी नारूवाला पाय घालत नाही." तो हसला. "वरीसभर तुयं पाणी अंगात घेऊन फिरलो, पोरी."

"हसता काहून? मले रडू येऊन राह्यलं."

"रडू नोको. हळू गुंडाळ. आज अर्धंच बोट."

"काहून?"

"निघाला का मले जा लागंल..."

त्या दिवशी गोजरानं अर्धंच बोट गुंडाळलं.

शनिवारी जानरावांनी सांगितलं, सोमवारी रिसोडचे पाहुणे गोजराला पाहायला येणार. मागणी घालायची तर पायावर उभं राहून, खाटेवर पडून नाही, असा इंद्रभानचा हट्ट. गोजरा विहिरीवर गेली आणि त्यानं उरलेला नारू एका हिसक्यात ओढला. तो आतच तुटला.

सोमवारी पाय मांडीपर्यंत सुजला होता, अंगात ताप होता. पाहुण्यांसमोर तो भिंत धरून उभा राहिला.

"मामा, गोजरा मले द्या."

जानरावांनी दाराआडच्या लेकीकडे पाहिलं. "तू काय म्हणतं, बाई?"

"हो," गोजरा म्हणाली.

पाहुणे पान खाऊन उठले. "पाय बरा करून ये," जानराव इंद्रभानला म्हणाले. "मांडव घालतो."

त्याला बैलगाडीत निजवताना ती कुजबुजली, "हिसका कायले देल्ला? धा दिवसांत म्या काढला असता..."

"धा दिवसांत तू रिसोडची झाली असती."

इंद्रभान त्याच साली, एकोणीसशे अडतीसच्या ज्येष्ठ शुद्ध दशमीला, कामरगावी वारला. वय बावीस.