सरावाचा हात

नर्सिंगच्या वर्गात सगळ्यांत थोरली तीच, म्हणून पोरी तिला ताई म्हणायच्या. शिरेत सुई घालायच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. उद्या सकाळी शेवटची संधी. ती हुकली की गाशा गुंडाळायचा. ताईंपेक्षा सुईलाच चष्मा लावू या, असं पोरी चेष्टेनं म्हणत. तीही हसायची. पण सुई हातात आली की समोरच्याला दुखेल या धास्तीनंच तिचा हात कापायला लागायचा.

त्या दुपारी ती एकटीच सरावाच्या खोलीत गेली. उन्हानं जिलेटिन मऊ पडतं, म्हणून तिथले पडदे कायम ओढलेले. गार अंधार, स्पिरिटचा वास, आणि टेबलावर ही खोली सांभाळणाऱ्या मामांनी जिलेटिन ओतून केलेला हात: कोपरापासून मनगटापर्यंत, आत शिरेच्या जागी लाल पाण्याची नळी. टोचून टोचून चाळण झालेले हात वितळवून मामा त्यांचाच नवा ओतत.

चार वेळा टोचलं, चारही वेळा शीर हुकली. पाचव्यांदा सुई आत गेली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "दुखतंय का हो?"

"थोडं..."

आवाज अगदी जवळून आला. म्हातारा, दमलेला.

ती थिजली. दार बंद होतं. बोटांखालचं जिलेटिन कोमट लागत होतं. पळून जावंसं वाटलं, पण सुई आत असताना पेशंटला सोडायचं नसतं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. ती थांबली.

"जरा उजवीकडे... घाई नको, बाळ..."

तिनं सुई सरकवली. नळीत लाल चढलं. तिचा हात कापत नव्हता. सुई काढून तिनं कापूस दाबून धरला, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी नव्या हातावर ती पहिल्याच फटक्यात पास झाली. सांगायला धावत गेली, तर मामा कालचा हात वितळवायचं सोडून त्याच्याकडे नुसते बघत बसले होते. जिलेटिनला कधी काळंनिळं पडतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. हुकलेल्या चारही टोचण्यांभोवती निळे डाग उमटले होते.

"वितळवू नका, मामा," ती म्हणाली.

मामांनी तो मनगटापासून कोपरापर्यंत ओल्या रुमालात पुरता झाकून फ्रिजमध्ये ठेवला. ती रोज डोकावून यायची. चौथ्या दिवशी डाग हिरवट झाले, आठव्या दिवशी पिवळे. माणसाचे होतात तसेच. दहाव्या दिवशी कातडी स्वच्छ होती. तिला बरं वाटलं. तिनं रुमाल नीट पांघरायला घेतला.

तोच रुमाल आता कोपरापर्यंत पुरत नव्हता.