खोलीभर मिरच्या

त्या काळी मनाडो शहरात छोट्या निळ्या प्रवासी गाड्या धावायच्या, आणि ज्याच्या गाडीतलं गाणं मोठं तो ड्रायव्हर रुबाबदार समजला जायचा. अशाच एका गाडीत मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन फेमी बसली होती. डब्यात मिरचीचं झाड, लालबुंद मिरच्यांनी लगडलेलं. डोंगरातल्या आजोळाहून ती ते शहरात नेत होती. त्या वर्षी पाऊस रुसला होता, बाजारात मिरची औषधालाही मिळत नव्हती, आणि तान्ते मिनच्या, म्हणजे तिच्या मावशीच्या खाणावळीत भोपळ्याची पिवळी पेज तिखट चटणीवाचून कुणी शिवतसुद्धा नव्हतं. मग फेमीनेच ठरवलं, मिरची घरी लावायची. डब्यात, बादलीत, फुटक्या कढईत... मिळेल त्यात.

वळणावर गाडीने कचकन ब्रेक मारला. डबा मांडीवरून निसटला आणि शेजारच्या परक्या तरुणाने तो झेलला, पानाफांद्यांना मिठी मारूनच.

"माफ करा," तो म्हणाला.

झाड वाचवलं आणि वर माफी? फेमीला हसू फुटलं. तोही हसला, कपाळाचा घाम पुसला आणि मग त्याच हाताने डोळा चोळला.

"अहो, नको—"

उशीर झाला होता. बोटांवर चिरडलेली मिरची डोळ्यात गेली. बिचाऱ्याच्या डोळ्यांना धार लागली, नाक वाहू लागलं.

"काय बोललीस गं त्याला?" समोरची म्हातारी फेमीवरच डाफरली. "बघ कसा रडतोय!"

"मी काही नाही बोलले, आजी!"

"म्हणूनच रडत असेल," ड्रायव्हर मागे वळून म्हणाला आणि सगळी गाडी हसली.

फेमीने गाडी थांबवली. त्याच्या मनगटाला धरून त्याला रस्त्याकडेच्या दुकानात नेलं, खोबरेल तेल मागितलं आणि भर रस्त्यात त्याचं एकेक बोट चोळायला घेतलं. "नुसत्या पाण्याने जात नाही ही. आधी तेल, मग साबण. डोळे मिटा म्हटलं ना!"

त्याने लहान मुलासारखे डोळे मिटले. लांब, सडपातळ बोटं होती त्याची, नखांत शाईचे डाग. डोळ्यांवर पाणी मारून झाल्यावर तिने विचारलं, "आता दिसतंय का?"

त्याने लाल डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"दिसतंय. मघापेक्षा बरंच छान."

फेमीचे कान तापले. मिरची तर तिने खाल्लीच नव्हती!

त्याचं नाव विरात्मो. जावा बेटावरच्या सोलो गावचा. नदीवर नवा पूल होत होता, त्याचे नकाशे काढायला आला होता. तिसऱ्या दिवशी तो तान्ते मिनच्या खाणावळीत हजर झाला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "पेज द्याल का? चटणीशिवाय."

खाणावळीतले सगळे चमचे थांबले.

"आजारी आहेस का रे बाबा?" तान्तेने काळजीने विचारलं.

"नाही. आमच्याकडे सगळं जरा गोड खातात."

"म्हणजे आजारीच," तान्ते म्हणाली.

फेमीने आतून एक मातीची कुंडी आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यात बोटभर रोप होतं. "हे घ्या. याला मिरची लागेपर्यंत तुम्हाला फिकं खायची परवानगी. पहिली मिरची तुम्ही खायची. इथे बसून, माझ्यादेखत."

"आणि लागलीच नाही तर?"

"तर तुम्ही जन्मभर आजारी."

मग तो रोज येऊ लागला. निमित्त रोपाचं. कधी पानं वळली, कधी पानांखाली मावा पडला, कधी देठ पिवळा झाला. फेमी चटणी कुटता कुटता त्याला उत्तरं द्यायची.

"किती वेळा पाणी घालता?"

"सकाळी... दुपारी... आणि संध्याकाळी आल्यावर."

"अहो, जीव घ्याल तिचा! थोडी तहान लागू द्या. सारखी सारखी विचारपूस केलेली कुणाला आवडते?"

"कुणालाच नाही?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"मिरचीबद्दल बोलतेय मी," फेमी म्हणाली. मुसळ मात्र उगाच दोनदा जास्त आपटलं.

एके दिवशी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. फुलं येतात आणि गळतात. फेमी तान्तेला घेऊन त्याच्या माडीवर गेली. गॅलरीला चहूबाजूंनी बांबूचे पडदे लावलेले. ना वारा, ना माशी.

"उन्हाने कोमेजतील म्हणून..." तो पुटपुटला.

"वाराच नाही तर फळ कुठून धरेल?" तिने एका पांढऱ्या फुलावर हलकेच टिचकी मारली. पिवळी पूड उडाली. "अशी. रोज सकाळी. फुलाला कळलंही पाहिजे आणि दुखलंही नाही पाहिजे."

त्याने टिचकी मारली. फूल तुटून खाली पडलं.

तिने त्याचं बोट धरलं. "अशी..."

तान्ते मिन खाली रस्त्याकडे बघत राहिली. इतका वेळ बघण्यासारखं त्या रस्त्यावर काहीसुद्धा नव्हतं.

पहिली मिरची लागली, पिकली. भर खाणावळीत विरात्मोने ती पेजेबरोबर खाल्ली. घाम, उचकी, डोळ्यांत पाणी... पण ताट पुसून घेतलं. गिऱ्हाइकांनी बाकं बडवली. त्यानंतर त्याला वेडच लागलं. माडीवर डबे वाढत गेले, रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, पुलावरची सिमेंटची फुटकी पाटी. फेमीपेक्षाही जास्त झाडं त्याची झाली. ती तांदळाचं धुवण घेऊन जायची, तो अंड्यांची टरफलं जमवून ठेवायचा. असे दिवस गेले. कसे, ते फेमीला अजूनही सांगता येत नाही; ते सगळं वर्ष तिला ओल्या मातीच्या वासासारखं आठवतं.

आणि पूल पूर्ण झाला.

परवा विमान, असं त्याने सांगितलं त्या दिवशी फेमी दुपारी त्याच्या कुंड्या न्यायला गेली. दोघंही फार शहाण्यासारखं बोलत होते. ही झाडं उन्हात ठेवा. हो, ठेवते. त्या बादलीला भोक लहान आहे. बरं. तान्तेची तब्येत कशी आहे? छान आहे... आणि भर दुपारी उजेड गेला.

ज्वालामुखीच्या डोंगराने राख उडवली होती. आधी वास आला, मग छपरावर बारीक करकर, मग सगळ्यावर करडी भुकटी. फुलोऱ्यातल्या झाडांवर ती साचली असती तर संपलंच. दोघंही धावले. डबे, बादल्या, कुंड्या आत ओढू लागले. खाटेवर, टेबलावर, खुर्चीवर, जमिनीवर.

"फेमी, राहू दे ती! तू आत जा, तोंड झाक आधी!"

दार लावून त्याने फटीत ओला टॉवेल कोंबला. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. खाट आणि खिडकीमधल्या वीतभर जागेत दोघं उभे, केसांवर राख, पापण्यांवर राख, चारी बाजूंनी लाल मिरच्या.

"मघाशी तुम्ही मला 'तू' म्हणालात," फेमी हळूच म्हणाली.

"माफ करा."

"पुन्हा म्हणा."

"माफ करा?"

"ते नाही हो!"

तो फार हलक्या आवाजात म्हणाला, "तू... मला जायचं नाहीये, फेमी."

ती मनाडोची मुलगी. मनातलं आधी तोंडावर. "मी तान्तेला सोडून कुठे येणार नाही. तिने मला वाढवलंय. आधीच सांगून ठेवते."

"मी चल म्हटलं का? मी विचारतोय, मी इथे राहू का?"

"आणि तुझी आई?" तिचंही 'तू' निसटलं, दोघांनाही कळलं. "ती तिकडे एकटी ना?"

त्याने मान खाली घातली. "एकटीच. तिला समोर बसून सांगावं लागेल. ती नाही म्हणाली तर... फेमी, मला खोटं वचन देता येत नाही."

"देऊ नकोस," ती म्हणाली आणि ओल्या फडक्याने एकेक पान पुसू लागली. त्याने दुसरं फडकं घेतलं. राख थांबेपर्यंत दोघं पानं पुसत राहिले.

विमानं सुरू झाली तसा तो गेला.

महिने लोटले. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "जहाजाने आलेले पाहुणे वाऱ्याबरोबर जातात, पोरी." फेमी हसायची आणि मागच्या अंगणात जाऊन त्याची झाडं छाटायची. खोडाला नवे धुमारे फुटले, पण बातमी नाही.

मग एका सकाळी पुलाच्या कचेरीतला कारकून पेज खायला आला. "तो विरात्मो येतोय पुढच्या जहाजाने. पुढच्या पुलाचं काम घेतलंय त्याने. फोनवर म्हणाला, दोघांसाठी घर बघून ठेवा."

तान्तेच्या हातातला डाव खाली पडला. "दोघांसाठी? लग्न करून येतोय मेला!"

फेमीने मुसळ उचललं. त्या दिवशीची चटणी कुणालाच खाववली नाही, इतकी ती जहाल झाली होती.

जहाज लागलं त्या दिवशी ती बंदरावर गेली. तान्तेने नाही म्हटलं तरी गेली. नव्या नवरीच्या तोंडावर काय बोलायचं ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. एकच वाक्य, पण झोंबणारं. लोक उतरत होते, हमाल ओरडत होते. आणि मग तो दिसला. वाळलेला, उन्हाने काळवंडलेला... त्याच्या कोपराला घट्ट धरून, एकेक फळी चाचपत, एक चिमुकली, पांढऱ्या केसांची बाई उतरत होती.

फेमी घोकलेलं वाक्य विसरली. सगळीच वाक्यं विसरली.

"ही फेमी, इबू," तो आईला म्हणाला.

फेमीच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बोटीत काही खाल्लंत का? किती वाळलात दोघं!"

म्हातारीने तिला केसांपासून पायांपर्यंत निरखलं. मग लेकाकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. विरात्मो कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाल्या?" फेमी घाबरली.

"काही नाही."

"सांग म्हणते ना! नाहीतर ही मी परत चालले."

"म्हणाली..." तो हसत होता, डोळे भरून आले होते आणि या वेळी त्याचं कारण मिरची नव्हतं. "म्हणाली, 'मूर्खा, इतका उशीर का केलास?'"