काळ्या पडलेल्या कळ्या

२०७१ साली चंद्रावरच्या सेतू तळावर एकच मूल राहत होतं, शाल्मली देवस्थळी. वय वर्षं अकरा. तिची आई सुनेत्रा ही तळाच्या हरितगृहाची (दिव्यांच्या उजेडावर चालणाऱ्या बंदिस्त शेतीची) प्रमुख होती. शाल्मलीची शाळा पडद्यावर भरायची आणि मैत्रिणी सगळ्या पृथ्वीवर. त्यामुळे शाळा सुटली की ती सरळ फँग आजोबांकडे जायची.

फँग आजोबा चीनमधल्या एका डोंगराळ खेड्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. हरितगृहातल्या एका वाफ्यात त्यांनी जिनयिनहुआचा वेल वाढवला होता. या नावाचा अर्थ सोन्याचांदीचं फूल. ते उमलतं पांढरं आणि मग पिवळं होत जातं. चिनी वैद्य त्याच्या कळ्या उमलण्याआधीच खुडतात, वाळवतात आणि ताप आला, घसा दुखला की काढ्यात घालतात.

"पण ते खरंच औषध आहे का?" शाल्मलीने एकदा विचारलं होतं.

"परंपरा हो म्हणते. प्रयोग म्हणतात, थोडं पटलंय, पुष्कळ तपासायचंय. म्हणून तर मी इथे आहे, शाल्मलीबाई."

आजोबा चिनी बोलत आणि त्यांच्या गळ्यातला दुभाष्या (एका भाषेतलं बोलणं दुसरीत सांगणारं यंत्र) ते मराठीत सांगे. हा दुभाष्या लहानथोर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचा.

त्या वर्षी तळावर माणसं वाढली आणि बटाटे कमी पडू लागले. सुनेत्राने आजोबांना स्पष्टच सांगितलं, "फँगकाका, या बहराच्या कळ्या तपासणीत उतरल्या तर वाफा तुमचा. नाहीतर मला तिथे बटाटे लावावे लागतील."

वाफा गेला की आजोबांना तळावर काम उरणार नव्हतं. पुढच्या यानाने ते पृथ्वीवर परतणार. हे कानावर आल्यापासून शाल्मलीला घास गोड लागेना.

कळ्या खुडून झाल्या, ताटांत पसरून दिव्यांखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तो प्रत्येक ताटात काळे पट्टे. ताट तेच, दिवा तोच, हवाही तीच. तरी मधल्या कळ्या काळ्या आणि कडेच्या छान हिरवट-पांढऱ्या.

हरितगृहातला यंत्रमानव धोंडू ताटांवर वाकला. "दिवा निर्दोष. हवा निर्दोष. धोंडू निर्दोष."

"तुला कोणी विचारलं?" शाल्मली म्हणाली.

आजोबांनी आपला पंजा एका ताटावर अधांतरी धरला. काळे पट्टे बोटांसारखेच ओढलेले होते, फक्त ती बोटं त्यांच्याहून बारीक होती.

"मी खालीवर केल्या," शाल्मली हळूच म्हणाली. "वाळवण आहे ना ते? सांगलीला माझी आजी कुरडया घालते. उलटल्या नाहीत तर खालून ओल्या राहतात. मला वाटलं, मदत होईल."

आजोबांनी पंजा मागे घेतला. "आमच्या गावात वाळत्या कळ्यांना कोणी बोट लावत नाही. शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. इतकं माहीत असतं, की तुम्हाला सांगायला हवं हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"पण का लावत नाही?"

"काळ्या पडतात."

"ते दिसतंयच की. पण का पडतात?"

आजोबा स्टुलावर टेकले. "वांगं चिरून ठेवलं तर काय होतं?"

"काळं पडतं. आई लगेच पाण्यात टाकते."

"तसंच हे. कळीतली प्रत्येक पेशी म्हणजे खोल्या असलेलं घर समजा. एका खोलीत क्लोरोजेनिक आम्ल (कळीतला एक कडवट पदार्थ, तुमची आई तपासणीत हाच मोजते). दुसऱ्या खोलीत विकरं (पेशीतल्या रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारी प्रथिनं). मधली भिंत उभी आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. पण कोमेजलेली कळी नाजूक असते. बोटाने दाबली की भिंत फुटते. विकर त्या आम्लाची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून देतं आणि त्यातून काळा रंग तयार होतो. आम्ल मात्र खर्च होऊन जातं."

शाल्मली विचारात पडली. "मग कुरडया का नाही काळ्या पडत? आजी तर गव्हाचा चीक..." ती थांबली. "शिजवते. आजी चीक आधी शिजवते. शिजल्यावर विकराचं काय होतं?"

"अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर जे होतं तेच. उष्णतेने प्रथिनाच्या धाग्याची घडी बिघडते, पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही. ते विकर कामातून गेलं."

"मग कळ्यांना आधी वाफ द्या की."

आजोबा हसू लागले. दुभाष्याला हसण्याचं भाषांतर जमेना, तो नुसताच खरखरला. "आमच्याकडे पुष्कळ कारखाने वाफ देतात. मला ते ठाऊक होतं. पण मी गावच्या पद्धतीला चिकटून बसलो. जे डोंगरावर हजार हातांना जमतं, ते इथेही जमेल असं धरून चाललो."

वेलावर शेवटच्या कळ्या उरल्या होत्या. सगळ्या एकदम वापरायच्या नाहीत, असं आजोबांनी बजावलं. आधी तीन बशा घेतल्या. पहिलीतल्या कळ्यांना हात लावला नाही. दुसरीतल्या चिमटल्या. तिसरीतल्यांना थोडी वाफ दिली आणि मग चिमटल्या. काळी पडली ती फक्त दुसरी बशी. मग उरलेल्या कळ्या सुनेत्राच्या इडलीपात्रात गेल्या.

"म्हणजे आता आठवडाभर फुलांच्या वासाच्या इडल्या खायच्या," सुनेत्रा म्हणाली आणि तपासणीच्या यंत्रापाशी गेली. आकडा आला तेव्हा तिने तो दोनदा पाहिला. "काका, अर्ध्या वाफ्यात बटाटे लावते. अर्धा तुमचा."

फँग आजोबा डोळे अधू होईपर्यंत चंद्रावर राहिले. मग आपल्या खेड्यात परतले आणि तिथेच वारले. सुनेत्राने पुढे मंगळावरच्या हरितगृहाची आखणी केली; आता ती नाशकात असते. धोंडू जुना झाल्यावर त्याचे भाग दुसऱ्या यंत्रमानवांना बसवले गेले. शाल्मली विकरांची अभ्यासक झाली. मंगळावरच्या तिच्या प्रयोगशाळेत नाना देशांची तरुण मंडळी येतात. कामाला लावण्याआधी ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "तुमच्या गावात असं काय आहे, जे सगळ्यांना माहीत असतं म्हणून कोणीच सांगत नाही?" मग ती खुर्ची जवळ ओढून ऐकत बसते.