वाफ धरलेल्या काचेचं कोडं

"शनिवारी सकाळी माणसं इंजिन काढायला येणार आहेत," मावशी म्हणाली आणि तिने चहाचा कप विसळून उपडा घातला.

चिमटीच्या हातातला पाव हातातच राहिला.

"इंजिन? विमानाचं?" ठोकळ्याने विचारलं.

"नाही, माझं," मावशी म्हणाली. एरवी असं काही बोलली की सगळ्यात आधी तीच हसायची. आज ती हसली नाही.

"आणि पंख? आणि खुर्च्या? आणि मागचं शेपूट?" पुरवणीने विचारलं.

"सगळंच," मावशी म्हणाली आणि पुढच्या खोलीत निघून गेली. तिथे दुरुस्तीला आलेल्या सहा-सात शिलाई मशीन तिची वाट बघत होत्या.

तिघं एकमेकांकडे बघत बसली. तिघं म्हणजे मावशीच्या दोन बहिणींची मुलं. चिमटी बारा वर्षांची. कुठलीही गोष्ट दोन बोटांत धरून उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय तिचा जीव शांत होत नसे. ठोकळा तेरा वर्षांचा. उत्तर मिळेपर्यंत तो जागचा हलत नसे. पुरवणी ही त्याची धाकटी बहीण, आठ वर्षांची. प्रत्येकाच्या बोलण्याला आणखी एक पान जोडायचं, हे तिचं काम.

मागच्या सुट्टीत ती आली होती तेव्हा हे घर नुसतं गजबजलेलं होतं. परसातल्या शेडमध्ये मावशीने सात वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधलं होतं. नकाशे, रिव्हेट, वायरी, सगळं तिनं स्वतः केलेलं! गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर ती ते एकटीने अकरा वेळा उडवून आली होती. एकदाही कुरकूर नाही. बाराव्या वेळी परीक्षा घ्यायला शेजारी फ्लाइंग क्लबचे तपासनीस बसले आणि सगळा विचका झाला. हवेत असताना रेडिओ मुका झाला, उपकरणांचा पडदा काळा झाला आणि पुढच्या काचेवर अशी वाफ धरली की समोर नुसतं पांढरं! मावशीने बाजूच्या छोट्या खिडकीतून डोकं बाहेर काढून कसंबसं विमान उतरवलं. चाक वाकलं. लागलं कुणालाच नाही. पण तपासनिसांनी लिहिलं, 'पायलट गोंधळली. विमान भरवशाचं नाही.'

त्याला आता सात आठवडे झाले होते. मावशी त्यानंतर धावपट्टीजवळच्या हँगरकडे, विमान ठेवायच्या शेडकडे, फिरकली नव्हती. विमान मोडीत जाणार याचं चिमटीला वाईट वाटत होतंच. पण काल मावशी फोनवर आईला म्हणाली होती, "माझ्या हातून एक माणूस मेला असता गं. माझी लायकीच नाही." ते वाक्य चिमटीच्या डोक्यातून जाईना. विमान गेलं तर पुन्हा बांधता येईल, पण मावशीला हे असंच वाटत राहिलं तर?

"आज गुरुवार," ती हळूच म्हणाली. "दोन दिवस आहेत. ते विमान बिघडलं कशानं, ते शोधायचं!"

"मोठ्यांना सापडलं नाही ते?" ठोकळा म्हणाला.

"मोठ्यांनी नीट शोधलंय कुठे?"

"आणि मोठ्यांना वेळ कुठे असतो?" पुरवणीने जोडलं.

सायकली बाहेर निघाल्या. हवा कुंद होती. चार दिवस सूर्य दिसला नव्हता आणि झाडांवरून पाणी टपकत होतं.

हँगरमध्ये मेकॅनिक आजोबा एका डब्यावर बसून हात पुसत होते. मागे मावशीचं पांढरं विमान धूळ खात उभं होतं.

"चाक मी सरळ केलं," आजोबा म्हणाले. "आता कुणासाठी केलं, ते मात्र विचारू नका."

"आणि रेडिओ?"

"तीनदा उघडला! तिन्ही वेळा ठणठणीत. डॉक्टर आला की पोटदुखी थांबते ना, तसला प्रकार."

ठोकळ्याने तिथेच बसकण मारली. "आजोबा, काचेवर वाफ का धरते?"

"तुमच्या श्वासातली वाफ थंड काचेला लागते म्हणून. पण तुमच्या मावशीने त्यावर झकास उपाय केला होता. हे बघा." आजोबांनी दार उघडून आत बोट दाखवलं. "रेडिओ आणि उपकरणं चालू असली की तापतात. आणि ती बसवलीत बंद खोक्यात. म्हणून तिने मागे एक पंखा लावला. तो गरम हवा ओढतो आणि डॅशबोर्डवरच्या या फटींतून वर काचेवर सोडतो. उपकरणं गार राहतात, काच कोरडी राहते!"

"आणि पंखाच बंद पडला असेल तर?"

आजोबांनी बटण दाबलं. पंखा घोंगावला. चिमटीने वहीचा पातळ कागद फाडून फटींवर धरला. कागद फडफडत वर उडाला.

"पंख्याचा दोष नाही," आजोबा म्हणाले.

"कळलं!" ठोकळा ओरडला. "एकटी असताना काही झालं नाही. दोघं बसल्यावर झालं. म्हणजे दोघांचा श्वास पंख्याला झेपला नाही!"

लगेच प्रयोग झाला. चिमटी आणि ठोकळा आत बसले, दारं बंद केली. दोन माणसांच्या श्वासाला मदत म्हणून आजोबांच्या थर्मासमधलं कढत पाणी एका भांड्यात ओतून मध्ये ठेवलं.

"फुंका!" बाहेरून पुरवणी ओरडली. "आणखी फुंका! दादा, तू तर नुसताच बसलायस!"

काचेवर जरा धुरकट डाग आला आणि विरून गेला. वीस मिनिटं झाली, काच स्वच्छ आणि रेडिओ सुरळीत. बाहेर आल्यावर ठोकळ्याने भांड्यातलं पाणी ओतून टाकलं.

"मग मावशीचीच चूक असेल का?" पुरवणीने विचारलं. पहिल्यांदाच चिमटीलाही तसं वाटून गेलं आणि तिला स्वतःचा राग आला.

"त्या दिवशी आत आणखी कोण होतं?" ती एकदम म्हणाली. "चला, तपासनीस काकांकडे!"

क्लबचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक हीटर आणि भिंतभर वेळापत्रकं. तपासनीस काका उंचनिंच होते. ते बोलायचे कागदाकडे बघत. लिहिता लिहिता त्यांनी तिघांना बसायची खूण केली.

"शाळेचा प्रकल्प आहे," ठोकळा म्हणाला. हे अगदीच खोटं नव्हतं. सुट्टीत एक प्रकल्प करायचाच होता.

"त्या दिवशी तुम्ही आत काय काय केलं, काका?"

"मी काय करणार? मी बघतो. बघतो आणि लिहितो. शेवटी तर समोरचं काही दिसेना, तेव्हा लिहिणंही थांबवलं."

"आणि तुम्हाला भीती वाटली?" पुरवणीने विचारलं.

काकांचं पेन क्षणभर थांबलं. "वाटली," ते म्हणाले. "फार वाटली."

तेवढ्यात फोन वाजला. टेबलावरची निळी प्लास्टिकची फाइल बाजूला सारून ते फोनवर बोलायला लागले. फाइल कलंडली आणि तिची पाठ चिमटीला दिसली. गुळगुळीत प्लास्टिकवर आडव्या रेघा उठल्या होत्या. कंगव्याचे दात उठावेत तशा, सगळ्या एका अंतरावर!

डॅशबोर्डवरच्या फटी अगदी अशाच होत्या!

"काका, लिहायला खाली धरायला ही फाइल घेऊ?"

काकांनी फोनवर बोलता बोलता मान हलवली. चिमटीने फाइल उलटी केली, वर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. नाण्याचा छाप काढतात ना, तसा! कागदावर चौदा रेघा उमटल्या. काकांचा फोन संपत आला तसं पुरवणीने विमानाच्या शेपटाबद्दल ओळीने पाच प्रश्न विचारून त्यांना गुंतवून ठेवलं.

हँगरमध्ये पोचेपर्यंत तिघांना धाप लागली होती. चिमटीने डॅशबोर्डवरच्या फटींवर दुसरा कागद ठेवून छाप घेतला. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. रेघेवर रेघ!

"फाइल फटींवर ठेवली होती!" ठोकळा ओरडला. "खालून गरम हवा, प्लास्टिक मऊ पडलं, फटी उमटल्या!"

"हवा अडली, म्हणून काचेवर वाफ," चिमटी म्हणाली. "आणि गरम हवा मागेच कोंडली, म्हणून रेडिओ तापून बंद!"

"आणि खाली उतरल्यावर काकांनी फाइल उचलली, रेडिओ गार झाला आणि आजोबांना सापडला ठणठणीत!" पुरवणीने शेवटचं पान जोडलं.

मेकॅनिक आजोबांनी कपाळावर हात मारला. "तीनदा उघडला रे मी तो! वर काय ठेवलं होतं, ते विचारावंसं एकदाही वाटलं नाही."

"आता काकांना सांगू या!"

"नुसतं सांगून ते मानणार नाहीत," चिमटी म्हणाली. "त्यांच्याच हाताने व्हायला हवं."

शुक्रवारी आजोबांनी ऑफिसात निरोप धाडला: विमान मोडायच्या आधी उपकरणांचे नंबर साहेबांनी स्वतः बसून उतरवून घ्यावेत. चिमटी मावशीकडे गेली. "शेवटचं बघून तरी घे गं," एवढंच ती म्हणाली. मावशी बराच वेळ मशीनच्या चाकाला तेल घालत राहिली, मग तेलाची कुपी बाजूला ठेवून उठली.

हँगरमध्ये ती दारापाशीच थांबली. विमानाकडे न बघता खाली जमिनीकडे बघत राहिली. चिमटीला वाटलं, आपण हिला उगीच आणलं.

तपासनीस काका आत चढले. शेजारच्या खुर्चीत ठोकळा बसला, पायाशी कढत पाण्याचं भांडं. "थंडी फार आहे ना, काका," तो साळसूदपणे म्हणाला. दारं बंद झाली. आजोबांनी बॅटरी जोडून पंख्यासकट सगळी उपकरणं चालू केली.

काकांनी खिशातून वही काढली, पेन काढलं, आणि निळी फाइल सवयीनं समोर डॅशबोर्डवर, बरोब्बर फटींवर ठेवली. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं!

पाच मिनिटांत काचेचा खालचा भाग पांढरा झाला, दहा मिनिटांत अख्खी काच. आणखी थोड्या वेळाने उपकरणांचा पडदा लुकलुकला आणि काळा झाला.

"बघा!" काका दार ढकलून गरजले. "मी म्हटलं नव्हतं? हे विमान भरवशाचं नाही!"

"काका, ती फाइल जरा इकडे देता?" पुरवणी म्हणाली.

"फाइल? ही घे. पण हा पडदा बघितलात का तुम्ही..."

त्यांचं बोलणं अर्धवटच राहिलं. काचेच्या तळाशी एक स्वच्छ पट्टी उमटली होती. ती हळूहळू वर सरकली. आधी हँगरचं दार दिसलं, मग बाहेरची ओली धावपट्टी. थोड्याच वेळात पडदा पुन्हा उजळला आणि रेडिओ खरखरायला लागला.

चिमटीने दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. काकांनी फाइल उलटी केली, रेघांवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे मी केलं होतं," ते म्हणाले. "आणि दोष तुमच्यावर लिहिला." हे ते मावशीकडे बघून म्हणाले, कागदाकडे बघून नाही.

मेकॅनिक आजोबांनी पुरवणीला उचलून डब्यावर उभं केलं. काकांनी चिमटीशी आणि ठोकळ्याशी हात मिळवले. "मी तीस वर्षं तपासणी करतोय," ते म्हणाले. "आज तुम्ही माझी केलीत. शाबास! अहवाल मी आजच बदलतो."

तिघं नाचायच्या बेतात होती. पण मावशीचा चेहरा अजून तसाच होता.

"साहेब," ती म्हणाली, "चूक तुमची एकट्याची नाही. तुम्ही फाइल ठेवताना मी पाहिलं होतं."

काकांनी हातातली फाइल खाली ठेवली.

"खाली फटी आहेत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण तुम्ही एवढे मोठे, हातात पेन. 'उचला' म्हणायला जीभच रेटली नाही. म्हटलं, राहू दे, थोडाच वेळ आहे. नंतर सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती." तिचा आवाज कापला. "पायलट मी होते."

चिमटीने तिचा हात धरला. तो थंडगार होता. चिमटीने तो सोडला नाही.

काका खाकरले. त्यांना कधी एकदा सगळं निस्तरतोय असं झालं होतं. "झालं गेलं! चाक सरळ आहे, इंजिन जागेवर आहे. चला, आत्ताच परीक्षा घेऊन टाकतो! दहा मिनिटांचं काम. माझ्या सहीनिशी आजच मोकळ्या व्हा!"

"हो! मावशी, चल ना!" पुरवणी ओरडली.

मावशी दारापाशी गेली. बाहेर ढग झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरले होते. धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं.

"आज नाही," ती म्हणाली.

"अहो, मी म्हणतोय ना!"

"तुम्ही म्हणताय, साहेब. पण उडवणार मी आहे." आता तिचा आवाज कापत नव्हता. "ढग खाली आहेत. आज नाही."

आजोबा पुसता हात थांबवून बघत राहिले. ठोकळ्याने पुरवणीच्या तोंडावर हात ठेवला. काकांनी बाहेर पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण घातलं.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तेव्हा."