शर्वरीचा डबा

जळगावच्या त्या बालवाडीत कुणी पाहुणे आले की डॉ. हेमलता सोनटक्के त्यांना आधी शर्वरीपाशी नेत. का नेणार नाहीत? वाक्पूरक यंत्र त्यांनीच बनवलेलं! जन्मापासून स्नायू आखडलेल्या पाच वर्षांच्या शर्वरीला एक शब्द उच्चारायला अर्धं मिनिट लागे. गळ्यातलं हे यंत्र तिच्या स्नायूंची पहिली थरथर टिपून अख्खं वाक्य बोलून मोकळं होई. बाकीची मुलं खोळंबत नसत. अंगतपंगतीला तर सगळ्यांना तिच्याच शेजारी बसायचं असे.

"सगळं झ्याक आहे हो मॅडम," बालरोगतज्ज्ञ डॉ. तडवी म्हणाले, "पण पोरीचं वजन का उतरतंय? यंत्र वाक्य ठरवतं कशावरून?"

"थरथर अर्धवट असते. तिच्यातून दहा वाक्यं निघू शकतात. कोणतं बोललं की मुलं तिच्याजवळ थांबतात, हे यंत्र शिकत जातं. समावेश म्हणजे तेच ना?"

"म्हणजे तिला काय म्हणायचंय ते नाही, पोरांना काय ऐकायचंय ते!"

"काहीतरीच काय!" हेमलताबाई उसळल्या.

तेवढ्यात डबे उघडले. शर्वरीच्या डब्यात साजूक तुपातला शिरा. मुलांचा गराडा पडला. तिचा गळा थरथरला आणि लगेच गोड आवाज आला, "घ्या ना, मला भूक नाहीये!"

बघता बघता डबा रिकामा झाला. शर्वरीचे ओठ मात्र अजून हलतच होते.

हेमलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं यंत्र काढून बाकावर ठेवलं. "बोल बाळा, आम्ही थांबतो."

"मा..." शर्वरीची मान ताठ झाली. "मा... झा..."

"ही अशी काय बोलतेय?" एक मुलगी म्हणाली. मुलं चुळबुळली, एकेक करून उठली आणि पलीकडे जाऊन बसली. यंत्राला इतकं शिकवलं, पण या पोरांना जरा थांबायला शिकवावं, हे हेमलताबाईंना कधी सुचलंच नव्हतं. लाज वाटायला हवी होती, आणि आता ती वाटत होती.

शर्वरीनं पलीकडे पाहिलं. मग वाकडा हात लांबवून बाकावरचं यंत्र ओढलं आणि धडपडत स्वतःच गळ्यात अडकवलं.

लगेच यंत्राचा तोच गोड आवाज आला, "या ना रे! उद्या लाडू आणते!"

मुलं धावत परत आली. शर्वरी हसली. हेमलताबाईंना तिच्याकडे बघवेना.